तीन पंगतींची पाहुणी

दोन पंगतींना जेवणारा माणूस मी पाठीवरून ओळखते. हा माझा मूळ धंदा. नाशिकला आमचं मंगल कार्यालय आहे आणि लग्न होऊन आले तेव्हापासून भटारखाना, पाणी आणि पंगत माझ्याकडे. पहिल्या पंगतीत मठ्ठा पिऊन उठलेला पाहुणा बाह्या खाली करून, केसांवरून पाण्याचा हात फिरवून दुसऱ्या पंगतीत बसला, की मी वाढप्याला नुसती भुवईने खूण करते. कोणाला उठवायचं नाही, हा आमचा नियम. जिलबी मात्र त्याच्या पानावरून पुढे सरकते. आता बुफे आले, पण नजर अजून तशीच आहे.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझी कीव करायला सोपं जाईल.

मधली पाच वर्षं मी आमदार होते. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून लेखाचा विषय दिला, ‘महिला व बालकल्याणातील तुमचं विधिमंडळातलं कार्य’. मी सवयीने यादी करायला बसले. एका बाजूला काय काय केलं ते लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला त्यातून काय झालं यासाठी रकाना आखला. डावी बाजू झरझर भरली. उजव्या बाजूला बघून आमचे हे म्हणाले, “इथं काय, पाहुण्यांच्या सह्या घ्यायच्या का?”

आमदार काय काम करतो, असं कोणाला विचारलं तर लोक गटारी, बदल्या, दवाखान्यातली खाट आणि लग्नातली हजेरी एवढं सांगतात. ते खरंच आहे. लग्नाच्या बाबतीत तर मी दोन्हीकडून काम केलं, हजेरीही लावली आणि पंगतही वाढली. पण ज्यासाठी निवडून पाठवतात ते काम अधिवेशनात असतं आणि ते बाहेरून अजिबात दिसत नाही. आतूनही दिसायला वेळ लागतो.

प्रश्न विचारणं हे त्यातलं पहिलं. तो साध्या माणसासारखा विचारून चालत नाही. ‘अमुक अंगणवाडीचं छप्पर गळत आहे, हे खरे आहे काय?’ असा विचारावा लागतो. उत्तर येतं, ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘हे अंशतः खरे आहे’. पाच वर्षांत मला ‘अंशतः खरे’ इतक्या वेळा मिळालं, की माझा मुलगा घरी ‘अभ्यास झाला का?’ याला तेच उत्तर द्यायला लागला.

मग स्वतःचं विधेयक. मंत्री नसलेल्या सदस्यालाही कायद्याचा मसुदा मांडता येतो, हे कळल्यावर मी हर्षाने वेडी झाले. जिथे बायका कामाला, तिथे पाळणाघर, असा माझा मसुदा होता. अशा विधेयकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लागतो आणि त्यांना शुक्रवारी दुपारी वेळ मिळतो. माझी चिठ्ठी एकदाच निघाली. त्या शुक्रवारी गोंधळामुळे सभागृह तहकूब झालं. ते बाळ अजून कुठल्यातरी कपाटात आहे. त्याला पाळणाघरात घालायचं वयही आता उलटलं.

लक्षवेधी हा तिसरा प्रकार. तातडीच्या एखाद्या गोष्टीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं, मंत्र्यांनी उभं राहून निवेदन करायचं आणि आपण त्यावर प्रश्न विचारायचे. आणि चौथा प्रकार म्हणजे समिती. मी महिला आणि बालकांसाठीच्या समितीवर होते. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन पाहणी करते, अहवाल लिहिते, तो सभागृहात ठेवते. समिती येणार म्हटलं की त्या जिल्ह्यात रंगाचे डबे संपतात.

तर एका जानेवारीत आमची समिती आमच्याच जिल्ह्यात आली. समितिप्रमुख दुसऱ्या जिल्ह्याचे, अंगाने भरदार, मनाने प्रेमळ. त्यांना लहान मुलांना उचलून फोटो काढायची फार हौस. हरसूलच्या पुढच्या तीन पाड्यांवरच्या अंगणवाड्या ठरल्या होत्या. यजमान जिल्ह्याची म्हणून मी जरा जास्तच जोशात होते. तपासायच्या बाबींची यादी मी आदल्या आठवड्यातच करून ठेवली होती. भिंतीचा रंग, वजनकाटा, पाण्याची टाकी, संडासाचं दार, आहाराची चव, पटावरची मुलं. माझे स्वीय सहायक बागूल यांनी ती टाइप करून प्रत्येक सदस्याच्या हातात दिली. समितिप्रमुख म्हणाले, “ताई, तुमच्यासारखी तयारी कोणाची नसते.” मी लाजले. हे वाक्य मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

पहिल्या पाड्यावर सगळं चकचकीत. बागूलांची पँट भिंतीला लागून निळी झाली, इतका ताजा रंग. सतरंजीवर मुलं ओळीत बसलेली. पिवळा फ्रॉक घातलेली एक चार वर्षांची मुलगी पुढे आली आणि तिने मला झेंडूचं फूल दिलं. समितिप्रमुखांनी तिला उचललं, फोटो झाला. शिरा वाढला, मुलांनी खाल्ला, आम्ही चाखला. सगळ्या बाबींपुढे मी बरोबरच्या खुणा केल्या.

दुसऱ्या पाड्याला निघालो तर वाटेत चहा. तालुक्याचे अधिकारी गाडीला आडवेच झाले, “साहेब, थंडीचं आलात, दोन मिनिटं.” चहाबरोबर पोहे, पोह्यांनंतर सत्कार, सत्कारानंतर आणखी चहा. पोहोचलो तेव्हा मुलं सतरंजीवर ओळीत बसलेली. फूल, फोटो, शिरा, खुणा. पुन्हा निघालो, पुन्हा वाटेत चहा. प्रत्येक पाड्याआधी चहा का, हे विचारावं असं माझ्या यादीत नव्हतं.

तिसऱ्या पाड्यावर पिवळ्या फ्रॉकची मुलगी पुढे आली, पण रिकाम्या हातांनी. तिथल्या सेविकेने, यमुनाबाईंनी, मागून हळूच ढोसलं, “काजल, बाईंना फूल दे.”

काजलने माझ्याकडे बघितलं आणि वैतागून म्हणाली, “हिला त मघाच दिलां!”

समितिप्रमुखांनी उचलायला पसरलेले हात तसेच राहिले. “काय म्हणते ती?”

“काही नाही साहेब,” तालुक्याचे अधिकारी म्हणाले, “इकडची बोली जरा वेगळी आहे.”

काजलने समितिप्रमुखांकडे बोट दाखवलं. “हा बाबा पन मघाचाच.” आणि मग मला, अगदी आशेने, “आता परत शिरा?”

मी तिचा चेहरा पहिल्यांदा तेव्हा बघितला. मग बाकीच्यांचे बघितले. सगळी मुलं मघाचीच होती. नाक वाहणारा तो मुलगा, कानात दोरा घातलेली ती मुलगी, सगळे. आम्ही चहा पीत असताना एक जीप त्यांना मागच्या वाटेने पुढच्या पाड्यावर पोहोचवत होती. पंगतीत बाह्या खाली केलेला माणूस ओळखणारी मी, दोनदा त्याच मुलीकडून फूल घेऊन तिसऱ्यांदा फुलासाठी हात पुढे करून उभी होते.

पुढचं सगळं भराभर झालं. समितिप्रमुख लाल झाले. “समितीची फसवणूक! हा सभागृहाचा हक्कभंग आहे!” अधिकाऱ्यांनी एका क्षणात यमुनाबाईंकडे बोट केलं. “या सेविकेनंच केलं साहेब. आजच नोटीस देतो. कमी करून टाकतो.” यमुनाबाई मानधनावरची बाई. त्यांना कमी करायला एक कागद पुरतो. काजलला कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि त्यांचंही लुगडं निळं झालं.

परतीच्या गाडीत बागूल आनंदाने उडत होते. “ताई, लॉटरी लागली आपल्याला! लक्षवेधी टाकू. ‘एक बालिका, तीन अंगणवाड्या!’ पहिल्या पानावर येणार बघा.”

मला नको म्हणवत नव्हतं. तोवर वर्तमानपत्रात माझा एकच फोटो आला होता, विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या आंदोलनाचा. त्यात माझा अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फलकामागे होता. मी लक्षवेधी लिहिली, ती दाखलही झाली. भाषण पाठ केलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, याच्या खुणा समासात केल्या. आमचे हे ऐकून म्हणाले, “झक्कास. फक्त तू तिला तीनदा बघूनही ओळखलं नाहीस, हे कुठल्या परिच्छेदात येतं?”

काही दिवसांनी यमुनाबाई कार्यालयात आल्या. नोटीस पिशवीत, काजल कडेवर, एसटीने आलेल्या. कार्यालयात लग्न होतं, पहिली पंगत बसत होती. मी म्हटलं, आधी जेवून घ्या. यमुनाबाई नको म्हणाल्या. काजल आधीच पानावर जाऊन बसली होती.

“ताई, तुम्ही आल्या म्हणून इकडंतिकडं मागं उरलेली पोरं गोळा करून नेली,” यमुनाबाई उभ्याउभ्याच सुरू झाल्या. “तुम्ही नसत्या आल्या तर मला काय हौस होती? वरून हुकूम आला, पट भरलेला दिसला पाहिजे. जीपबी त्यांनीच धाडली.”

“पण पट रिकामा का? मुलं आहेत ना पाड्यावर?”

“भात झोडून झालं का आमच्याकडं कोण राहतंय? म्हातारे, कुत्री अन् मी. बाकी सगळे द्राक्षाला, निफाडकडं. पोरं संगं. तुम्ही आषाढात या, पोरं दाखवते.”

“आषाढात तिकडे रस्ता नसतो.”

“मग झालं तर.”

मी खुर्ची दिली. काजल तिकडे जिलबीला भिडली होती.

“ही तुमची कोण?”

“कोण नाय. हिची आई सुनंदा, शेजारच्या पाड्याची. ती बागेत हाय. मागच्या साली हिला संगं नेली होती. होळीला आली तेव्हा पोरगी नुसती हाडं. वजन करायला घेतली अन् मलाच भ्या वाटलं. म्हणून यंदा सुनंदाला म्हणले, हिला माझ्याकडं ठेव, मी खाऊ घालते.”

“हिचं नाव तुमच्या अंगणवाडीत आहे?”

“नाय. तिच्या पाड्यावर.”

“मग खायला कशातून देता?”

“माझ्या ताटातून. अन् अंगणवाडीत उरतं त्यातून. तेबी लिहून घ्या, म्हणजे अजून एक नोटीस येईल.” त्यांनी पदर खोचला. “मला काढा, माझं काय. पण माझ्या जागी जी येईल ती हिला कशाला सांभाळेल? मग ही जाईल बागेत. तिथं हिला कोण देणार? तुमचं भाषण व्हईल, टाळ्या पडतील. ही परत हाडं घेऊन येईल.”

मला भाषणातल्या खुणा आठवल्या. टाळ्यांसाठी मी दोन ठिकाणी जागा सोडली होती.

तेवढ्यात दुसरी पंगत बसली. काजल उठली, हात न धुताच दोन पानं पलीकडे जाऊन पुन्हा बसली. वाढप्याने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी निफाडला गेले. बाग आमच्या ह्यांच्या आतेभावाची, भाऊसाहेबांची. घडांना कागद चढवायचं काम चाललं होतं. बायकांचे हात वर, आणि खाली मांडवाच्या खांबाला बांधलेल्या झोळ्या. जरा मोठी मुलं मातीत. “वहिनी, टोळी येते तेव्हा आम्ही माणसं मोजतो, पोरं नाही मोजत,” भाऊसाहेब म्हणाले, आणि मग स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण लगेच म्हणाले, “दूध देतो कधीमधी.”

सुनंदा सापडली. काखेत धाकटं मूल. मी काजलचं नाव काढताच तिचा हात थांबला.

“जेवती का ती?”

“काल जिलबी खाल्ली. दोनदा.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा कागदाकडे वळली.

गावातली अंगणवाडी बागेपासून हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या सेविकेने मला सरळ सांगितलं, “ताई, माझा पट इथला. आहार येतो तो पटावर. या पोरांची नावं तिकडं डोंगरात. ती येतात, दारात उभी राहतात. मी दार लावून घेते.” मग स्वतःच म्हणाली, “लावून घ्यावं लागतं. माझी पोरं समोर खातात ना.”

वर डोंगरात खाऊ होता आणि मुलं नव्हती. खाली मुलं होती आणि खाऊ नव्हता. एवढंच. कार्यालयात वऱ्हाड एका दालनातून दुसऱ्या दालनात हलवलं, तर आम्ही ताटं तिकडे नेतो. ‘तुमची नावं पहिल्या दालनात लिहिली आहेत’ असं वऱ्हाडाला सांगितलं, तर नवऱ्या मुलाचा बाप आम्हाला मारेल. इतकी वर्षं पंगती वाढून, बालकल्याण समितीवर बसून, मला हे कळायला काजलला तीन पाडे फिरावे लागले.

आता कामं दोन होती. यमुनाबाईंची नोकरी वाचवायची आणि आहार मुलांमागे पाठवायचा. पहिलं काम सोपं निघालं. मी समितिप्रमुखांकडे गेले.

“साहेब, हक्कभंग आणायचा म्हणता?”

“आणणारच! ताई, आपल्याला मूर्ख बनवलं.”

“आणा. पण मग पुरावा म्हणून फोटो जोडावे लागतील. तुमच्या कार्यालयाने तीन पाड्यांच्या नावाने तीन फोटो टाकलेत. दोन्हींत तुमच्या कडेवर तीच मुलगी आहे, तिसऱ्यात तुमचे हात तिच्याकडेच पसरलेले आहेत.”

त्यांनी मोबाइल काढला. तिन्ही फोटो पुढेमागे सरकवून बघितले. “फ्रॉकसुद्धा तोच,” ते हळूच म्हणाले. “कोणी सांगितलं कसं नाही मला?”

“मीही शेजारीच उभी आहे, साहेब. तिन्हींत हसतेय.”

हक्कभंग तिथे संपला. अहवालात पाड्यांची नावं आली नाहीत आणि यमुनाबाईंना ‘समज’ देऊन प्रकरण मिटलं. जीप कोणी पाठवली, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं, आणि खालून वरपर्यंत शोध घेत गेलं की दगड शेवटी यमुनाबाईंसारख्या खालच्यांच्याच डोक्यात पडतो, हे मला तोवर कळलं होतं. तालुक्याचे ते अधिकारी पुढे बढतीवर गेले. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाचं जेवण आमच्या कार्यालयात होतं. मी वाढलं. शिरा होता.

दुसरं काम अवघड. माझी लक्षवेधी मार्चच्या अधिवेशनात लागली. बातमी फुटलेली होतीच, त्यामुळे मंत्रिमहोदयांनी लॉबीत गाठलं. “ताई, तीन अंगणवाड्यांचं काढणार म्हणे?”

“काढणार होते. तुम्ही मूल जिथे असेल तिथे आहार द्यायचं कबूल केलंत, तर नाही काढणार.”

“एवढंच ना? बघू की.”

नवख्या सदस्याला ‘बघू की’ ऐकून आनंद होतो. मलाही पहिल्या वर्षी व्हायचा. मंत्री सभागृहात जे बोलतात ते लिहून घेतलं जातं, आणि त्यात आश्वासन असेल तर ते पुरं झालं की नाही हे बघणारी वेगळी समिती असते. म्हणून मंत्री आश्वासन द्यायचं टाळतात. ‘तपासून पाहू’ म्हणजे नाही. ‘सकारात्मक विचार करू’ म्हणजे हसत हसत नाही. ‘देण्यात येईल’ असं तोंडून निघालं, तरच त्यांचं खातं त्या शब्दाला बांधलं जातं. त्यामुळे मला टाळ्या नको होत्या, तेवढं एक क्रियापद हवं होतं.

मी भाषण नव्याने लिहिलं. त्यात पट, स्थलांतर, आहाराचा पुरवठा असे शब्द होते. बागूलांनी ते वाचलं आणि घरात कोणी गेल्यासारखे बसून राहिले. “ताई, यात ती मुलगी कुठंय?”

“मुलगी नाहीये.”

“मग छापणार काय ते?”

“काही नाही छापणार.”

माझा नंबर आला तेव्हा अर्धे बाक रिकामे, उरलेल्यांपैकी निम्मे मोबाइलवर. मी वाचलं. मंत्री उभे राहिले, “सन्माननीय सदस्यांच्या भावना समजल्या. याबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल.” मी पुन्हा उभी राहिले, कधीपर्यंत? “सर्व बाबी तपासून पाहू.” अध्यक्षांनी घंटी वाजवली, पुढची लक्षवेधी पुकारायला घेतली. प्रेक्षक कक्षात बागूलांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. आणि डोळ्यांपुढे आली निफाडच्या अंगणवाडीच्या दारात उभी असलेली मुलं.

“अध्यक्ष महोदय,” मी म्हटलं, “मग मला सभागृहाला एक छोटी गोष्ट सांगावी लागेल. पिवळा फ्रॉक घातलेली एक मुलगी होती. तिने एका समितीला...”

मोबाइल खाली गेले. पुढच्या बाकावर समितिप्रमुखांना खोकल्याची मोठी उबळ आली. मंत्र्यांच्या मागे बसलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्या हातात घाईने चिठ्ठी सरकवली. मंत्री न वाचताच उठले.

“अध्यक्ष महोदय, येत्या हंगामापासून मूल जिथे असेल, तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार देण्यात येईल.”

“तिथे नाव नसलं तरी?”

“नाव नसलं तरी.”

“धन्यवाद,” म्हणून मी बसले. “गोष्ट पुन्हा कधीतरी.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. पूर्ण चेहरा, एकटीचा. मथळा होता, ‘सभागृहात आमदारांच्या डुलक्या’. माझी पापणी मिटलेली असताना कोणीतरी टिपलं होतं. बागूलांनी ते कात्रण फाइलला लावलं नाही. मी लावलं.

आदेश निघायला पावसाळा उजाडला. त्यात माझं नाव नाही, असायचं कारणही नाही. मधल्या काळात मी आश्वासनाच्या मागे इतके फोन केले, की त्या विभागातला एक कारकून माझा आवाज ऐकताच म्हणायचा, “ताई, नाव नसलं तरी. लक्षात आहे.”

आदेश नवा असतानाच निवडणूक लागली आणि मी पडले. कारणं बरीच होती, पण प्रचारात एका चौकात एकाने विचारलेला प्रश्न माझ्या कायम लक्षात राहिला, “ताई, तुम्ही हरसूलच्या पोरांचं केलं. ती काय आपल्याला मत देणार का?” प्रश्न रास्त होता. ती मुलं मतदार होईपर्यंत मी कवळी लावत असेन, आणि त्यांची नावं तेव्हाही तिकडच्याच यादीत असतील. मी काहीही उत्तर दिलं असतं तरी ते ‘अंशतः खरे’ असतं.

हरल्यावर पहिले काही आठवडे माणूस घरातली कपाटं आवरतो. माझी आधीच आवरलेली होती. म्हणून जानेवारीत मी निफाडला गेले, भाऊसाहेबांच्या बागेजवळच्या त्याच अंगणवाडीत. ना गाड्या, ना यादी. कोणाला कळवलं नव्हतं, त्यामुळे भिंतीला रंग नव्हता, आणि मला दार उघडंच सापडलं.

आत मुलं ओळीत बसलेली. काही गावातली, काही डोंगरातली. चपलांवरून कळत होती. भात-आमटी वाढणं चाललं होतं. सेविकेने मला ओळखलं आणि हसून पळी वर केली, हात मोकळे नव्हते. ओळीच्या टोकाला काजल बसली होती. यमुनाबाईंनीच या वर्षी तिला आईबरोबर जाऊ दिलं होतं. फ्रॉक आता लाल होता आणि गालांना थोडं मांस आलं होतं.

तिने मला बघितलं. दाराकडे बघितलं. पुन्हा मला बघितलं.

“कमिटी आली का?”

“नाही गं. मी एकटीच आले.”

“जीप?”

“जीप पण नाही. रिक्षाने आले.”

“म्हंजी शिरा नाय.” तिचा चेहरा पडला. पण तो तिने लगेच सावरला, घरात आलेल्या पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून सावरतात तसा. मग माझ्याकडे वर बघत तिने विचारलं, “तुझां नाव हाय का हितं?”

ती पटावरच्या नावाचं विचारत होती. तिथे नव्हतंच. विधानसभेच्या पाटीवर होतं, तेही आता उतरवलं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

काजलने ढुंगण सरकवून सतरंजीवर जागा केली आणि शेजारी हात आपटला.

“बस. आता नाव नसलां तरी देतात.”

सेविकेने माझ्याकडे बघितलं, वाढू का म्हणून. आयुष्यभर मी नको असलेल्या पाहुण्यांच्या पानावरून जिलबी पुढे सरकवत आले. मी चपला काढल्या, पदर सावरला आणि काजलशेजारी बसले.